मोटर मागे राहते म्हणून फिरते

विहिरीवर कपलिंगने पंपाला जोडलेली पाच एचपीची मोटर असेल, तर मेन स्विच बंद करून तिची पाटी एकदा फडक्याने पुसा आणि नीट वाचा. ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, साडेसात अँपिअरच्या आसपास करंट आणि वेग १४४० आरपीएम. हिशेबाने हा वेग १५०० यायला हवा. मिनिटाला साठ फेऱ्यांची ही तूट म्हणजे मोटरीतला दोष नव्हे. ती तूट आहे म्हणूनच मोटर फिरते. मोटर का तापते, व्होल्टेज कमी असलं की नुसती घुमते पण उचलत का नाही, एक फेज गेला की का जळते, या सगळ्याची उत्तरं या साठ फेऱ्यांत आहेत. तेव्हा आधी तेवढं समजून घेऊ.

बाहेरच्या बिडाच्या बॉडीत घट्ट बसलेला भाग म्हणजे स्टेटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्यांची चवड, तिच्या आतल्या बाजूला खाचा आणि खाचांमध्ये तांब्याच्या तारेच्या कॉइल, म्हणजेच वायंडिंग. कॉइल तीन गटांत जोडलेल्या असतात, एका फेजला एक गट. तीन फेजचा करंट एकाच वेळी चढत-उतरत नाही. पहिला शिखरावर पोचल्यानंतर सेकंदाच्या दीडशेव्या भागाने दुसरा पोचतो, तेवढ्याच वेळाने तिसरा. त्यामुळे चुंबकाची ओढही एका गटाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे सरकत जाते. तांबं जागचं हलत नाही, लोखंड हलत नाही, पण चुंबकीय क्षेत्र गोल फिरत राहतं. चार पोलच्या (पोल म्हणजे चुंबकाचं टोक) वायंडिंगमध्ये ५० हर्ट्झला ते मिनिटाला १५०० फेऱ्या घेतं. १२० गुणिले ५० भागिले पोलची संख्या, एवढंच गणित. दोन पोलला ३०००, सहा पोलला १०००.

आत असतो रोटर, आणि त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. पत्र्यांच्या चवडीत ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या आणि दोन्ही टोकांना त्या सळ्या एकमेकींना जोडणाऱ्या कड्या. लोखंड बाजूला काढून बघितलं तर हा निव्वळ एक पिंजरा आहे. सळ्या सरळ नसून किंचित तिरप्या असतात, त्यामुळे आवाज कमी होतो आणि सुरू होताना रोटर एखाद्या जागी अडकून बसत नाही. स्टेटर आणि रोटर यांच्यातली फट या आकाराच्या मोटरीत अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. बेअरिंग झिजलं की रोटर स्टेटरला घासतो तो याच कारणाने. तिथे चुकायला जागाच नाही.

आता फिरणारं क्षेत्र या सळ्यांवरून जातं तेव्हा सळ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. टोकं जोडलेली असल्याने लगेच करंट वाहतो, आणि चुंबकीय क्षेत्रात करंट वाहणाऱ्या सळीवर जोर पडतो. रोटर क्षेत्रामागे धावू लागतो. पण त्याने क्षेत्राला गाठलं, म्हणजे तोही १५०० ने फिरू लागला, तर सळ्यांवरून क्षेत्र सरकणारच नाही. मग व्होल्टेज नाही, करंट नाही, जोरही नाही. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. १५०० मध्ये साठ म्हणजे ४ टक्के. पंपाचा भार वाढला की रोटर आणखी जरा मागे पडतो, सळ्यांतला करंट वाढतो, जोर वाढतो आणि स्टेटर तारेतून तेवढा जास्त करंट ओढतो. कोणी सांगावं लागत नाही. ब्रश नाही, स्पार्क नाही, आत झिजणारं काही असेल तर फक्त दोन बेअरिंगं. मला ही रचना अजूनही अत्यंत सुंदर वाटते.

फिरत्या क्षेत्राची कल्पना इटलीत गॅलिलिओ फेरारीस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे १८८८ मध्ये जगापुढे मांडली. तीन फेजवरची पिंजऱ्याच्या रोटरची मोटर जर्मनीत एईजी कंपनीत काम करणाऱ्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये बनवली. तुमच्या विहिरीवरची मोटर मूळ रचनेत तीच आहे.

या मोटरीचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवायला हवा: ती नाही म्हणत नाही. मागाल तेवढं काम ती करायला जाते आणि त्यासाठी लागेल तेवढा करंट ओढते, मग वायंडिंग जळालं तरी. सुरू होण्याच्या क्षणी रोटर उभा असतो, म्हणजे स्लिप १०० टक्के. तेव्हा ती पूर्ण भाराच्या साधारण सहापट करंट घेते, साडेसातच्या जागी ४५ अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून तांब्यातली उष्णता छत्तीसपट. दोन-चार सेकंदांत वेग आला की करंट खाली येतो, त्यामुळे निभावतं. पण इंपेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकात, दगड अडकला किंवा गंजून पंप जाम झाला तर ते ४५ अँपिअर तसेच राहतात आणि मिनिटाच्या आत वार्निशचा वास येऊ लागतो. म्हणूनच पावसाळाभर बंद असलेली मोटर सुरू करण्याआधी, फ्यूज काढून, कपलिंग हाताने एक-दोन फेरे फिरवून बघावं.

कमी व्होल्टेजचं दुखणं असं आहे. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ ऐवजी ३२० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज कमी झालं २३ टक्के, पण जोर उरला फक्त ५९ टक्के. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं आहे. मग स्लिप वाढते आणि करंट साडेसातवरून पावणेदहाच्या आसपास जातो. करंट तीस टक्के जास्त म्हणजे वायंडिंगमधली उष्णता जवळजवळ सत्तर टक्के जास्त. वेग जेमतेम चाळीस-पन्नास फेऱ्यांनी कमी होतो, पाणीही बऱ्यापैकी पडत असतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. इन्सुलेशनसाठी एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. अशी मोटर एका रात्रीत जळत नाही, दोन उन्हाळ्यांत जळते, आणि दोष वायंडरला, म्हणजे मोटर भरणाऱ्याला, दिला जातो.

तिन्ही व्होल्टेज सारखी नसणं त्याहून वाईट. समजा ४१०, ४०० आणि ३९० आलं. सरासरी ४००, सर्वांत मोठा फरक १०, म्हणजे अडीच टक्के. किरकोळ वाटतं. पण व्होल्टेजमधल्या असमतोलाच्या सहा ते दहापट असमतोल करंटमध्ये होतो, त्यामुळे एखादी तार १५ ते २५ टक्के जास्त करंट वाहते. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, घेऊन तिन्ही तारा मोजल्याशिवाय हे दिसत नाही. ज्याच्याकडे दोन मोटरी आहेत त्याने तरी क्लॅम्प मीटर घ्यावाच, एकदा मोटर भरण्याच्या, म्हणजे जळालेलं वायंडिंग काढून नवं घालण्याच्या, खर्चापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाणं. तीन फेजच्या कितीतरी मोटरी यानेच जळतात. उभ्या मोटरीला दोनच फेज मिळाले तर क्षेत्र फिरत नाही, नुसतं जागच्या जागी उलटसुलट होतं. मोटर घुमते, हलत नाही. हे निदान ऐकू तरी येतं. पण चालू मोटरीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही. फिरता रोटर स्वतःच क्षेत्राला फिरवत ठेवतो आणि मोटर उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट करंट ओढून काम चालू ठेवते. साडेसातचे तेरा झाले, वायंडिंगमधली उष्णता तिप्पट. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोक्यात, २० अँपिअरची तार असेल तर ती वितळणार नाही, आणि दोन-तीन पदर पिळून घातलेली तांब्याची तार तर मुळीच नाही. फ्यूज शॉर्ट सर्किटसाठी असतो. मोटरीला तापण्यापासून वाचवणं हे त्याचं कामच नव्हे.

दिव्यांच्या भरवशावरही राहू नका. मोटर फिरत असताना गेलेल्या फेजच्या टोकावर ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. स्टार्टरवरचा तिसरा दिवा थोडा मंद का होईना, लागलेला राहतो. एकाच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, चार-पाच मोटरी चालू असल्या की गेलेला फेज त्या एकमेकींना पुरवत राहतात. म्हणून नुसतं व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) फसू शकतो. तिन्ही तारांचा करंट बघणारा जास्त भरवशाचा.

दोष डीपीच्या कोणत्या बाजूला आहे ते मोटर बंद ठेवून दिव्यांवरून ओळखता येतं. खालच्या बाजूचा, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या लाईनचा फ्यूज गेला असेल तर एक दिवा पूर्ण विझतो आणि दोन नेहमीसारखे लागतात. वरचा ११ केव्हीचा डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूचा फ्यूज, गेला असेल तर एक दिवा पूर्ण उजेडाचा आणि दोन मंद लागतात, कारण दोन फेजवर निम्मंच व्होल्टेज येतं. वरच्या बाजूला कोणीही हात घालायचा नाही, ते काम लाईनमनचं.

जळालेलं वायंडिंग खूप काही सांगतं, ते फेकायच्या आधी बघा. कव्हर काढल्यावर सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडलेल्या असतील तर कारण ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा कोंडलेली हवा. चार पोलच्या मोटरीत गोलाकार अंतराअंतरावर चार गट काळे आणि मधले गट नव्यासारखे लालसर असतील तर डेल्टात, म्हणजे तिन्ही फेजची वायंडिंगं टोकाला टोक लावून त्रिकोणात, जोडलेली मोटर दोन फेजवर चालली. तिथे एका फेजच्या वायंडिंगवर बाकीच्या दोघांच्या दुप्पट करंट येतो आणि तेवढंच जळतं. उलट, दोन फेजचे गट जळालेले आणि एका फेजचे शाबूत असतील तर मोटर स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेली होती आणि एक तार तुटली. एकाच कॉइलवर काळा डाग आणि वितळलेल्या तांब्याचा मणी दिसला तर तिथे इन्सुलेशन फुटलं: पाणी गेलं, उंदराने कुरतडलं किंवा भरताना तार खरवडली गेली. कारण न शोधता भरून आणलेली मोटर पुन्हा त्याच कारणाने जळणार.

आता स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की मोटर बंद करणारा भाग. डायरेक्ट स्टार्टरमध्ये त्याची खूण पाटीवरच्या करंटवर ठेवायची, साडेसात तर साडेसात. मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मात्र हमखास चूक होते. तिथे बहुतेक वेळा रिले वायंडिंगच्या वाटेत बसवलेला असतो आणि त्यातून लाईनच्या ५८ टक्केच करंट जातो. दहा एचपीच्या मोटरीची पाटी १४ अँपिअर सांगत असेल तर रिले ८.१ वर हवा. तो १४ वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत रिले हलणार नाही. रिले सारखा पडतो म्हणून त्याची खूण वाढवणं किंवा त्याला तारेने बांधून ठेवणं म्हणजे तापाचं कारण न बघता थर्मामीटर फोडणं. रिसेटही हातानेच करायचा ठेवावा. आपोआप रिसेट होणारा रिले जाम पंपाला पुन्हा पुन्हा सुरू करत बसतो.

लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचबद्दल माझं मत कडक आहे. रात्रीच्या पाळीला लाईट येते आणि शेतकऱ्याला अंधारात साप-विंचवातून विहिरीवर जावं लागू नये म्हणून तो बसवतात. ती गरज खरी आहे. पण १०० केव्हीएच्या डीपीचा पूर्ण भाराचा करंट सुमारे १३० ते १४० अँपिअर असतो. लाईट येताच पंधरा मोटरी एकदम उचलल्या तर मागणी होते पावणेसातशे अँपिअरची. व्होल्टेज कोसळतं, जोर वर्गाने कमी होतो, कुठलीच मोटर वेग घेत नाही, सगळ्या सुरुवातीच्याच करंटवर अडकतात आणि डीपीचा एक फ्यूज उडतो. त्यानंतर सगळ्यांनाच दोन फेज. स्विचमध्ये टायमर घाला आणि एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी वेळा वाटून घ्या: कोणाची मोटर अर्ध्या मिनिटाने, कोणाची एका मिनिटाने, कोणाची दीड मिनिटाने. खर्च थोडाच होतो आणि डीपी वाचते.

कपॅसिटरचंही तेच. मोटरीला क्षेत्र तयार करायला जो करंट लागतो तो काम करत नाही, पण तारा मात्र तापवतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरीबरोबरच सुरू-बंद होईल असा जोडला तर लाईनचा करंट साडेसातवरून सव्वासहाच्या आसपास येतो. मोटर आपले साडेसात घेतेच. फरक पडतो तो डीपीपर्यंतच्या तारेत. तिथे व्होल्टेजची घट कमी होते म्हणून मोटरीला जास्त व्होल्टेज मिळतं. कपॅसिटर रिलेच्याही पुढे, मोटरीच्या टोकांवर जोडला असेल तर रिलेची खूण त्या हिशेबाने कमी करायला विसरू नका.

पाणबुडी मोटर हाच प्राणी, फक्त अंगाने लांबट आणि बहुधा दोन पोलची. बोअरमधल्या बहुतेक मोटरींत वायंडिंगची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची असते आणि मोटर आतून स्वच्छ पाण्याने भरायची असते. सोडण्याआधी प्लग उघडून, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरायचं. आतली बेअरिंगंही पाण्यावरच चालतात, त्यामुळे ती कोरडी एक मिनिटही फिरवू नये. थंडावा मिळतो तो मोटरीच्या अंगावरून वर जाणाऱ्या पाण्यातून. बोअरमधला झरा पंपाच्या वर असेल तर पाणी वरूनच पंपात शिरतं आणि खाली मोटरीभोवतीचं पाणी साचलेलंच राहतं. मोटर पाण्यात असूनही तापते. अशा ठिकाणी मोटरीवर पाइपची बाहेरची नळी चढवून पाणी खालून घ्यावं लागतं. फिरण्याची दिशा दिसत नसल्याने दोन फेज अदलाबदल करून दोन्हीकडून पाणी मोजा. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, म्हणून ‘पाणी येतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. जास्त पाणी देणारी दिशा खरी.

शेताबाहेर ही मोटर कुठे नाही? पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, फ्रीजचा कॉम्प्रेसर, कारखान्यातली लेथ. छताचा साधा पंखाही तीच, फक्त उलटी: स्टेटर आत, रोटर बाहेर. एका फेजवर क्षेत्र फिरत नाही, म्हणून दुसरं वायंडिंग आणि कपॅसिटर घालून खोटा दुसरा फेज तयार करतात. पंखा हळू झाला की बहुतेक वेळा तो अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थकलेला असतो. मिक्सरमध्ये मात्र ही मोटर चालत नाही. ५० हर्ट्झवर ती ३००० च्या वर जाऊच शकत नाही आणि मिक्सरला त्याच्या कितीतरी पट वेग लागतो, म्हणून तिथे कार्बन ब्रशची मोटर. रेल्वेच्या डब्ल्यूएपी-७ इंजिनात ८५० किलोवॅटच्या सहा इंडक्शन मोटरी आहेत. घाट उतरताना चाकं रोटरला क्षेत्राच्याही पुढे ढकलतात, स्लिप उलटी होते आणि तीच मोटर वीज तयार करून वरच्या तारेत परत देते. सातारच्या चाळकेवाडी पठारावरच्या अनेक जुन्या पवनचक्क्या याच तत्त्वावर वीज देतात.

शेवटी मोटर भरण्याबद्दल, कारण नुकसान तिथे गुपचूप होतं. जुनं वायंडिंग काढायला स्टेटर उघड्या जाळावर टाकला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, पत्रे एकमेकांना चिकटून लोखंडातच करंट फिरू लागतो आणि मोटर भाराशिवायही तापते. कॉइल कापून, माफक उष्णतेने मऊ करून ओढून काढायला सांगा. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या जुन्याप्रमाणेच हवी, आणि तार तांब्याचीच. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध दीडपटीहून जास्त असतो. खाचेत इन्सुलेशनचा लेदरॉइड कागद, वर बांबूची पट्टी, मग वार्निश आणि भट्टीत पूर्ण वाळवणं. वार्निश ओलं असताना मोटर ताब्यात घेऊ नका. फिटिंग करताना बेअरिंगमध्ये ग्रीस एक-तृतीयांश जागेपुरतंच भरावं. ठासून भरलं तर ते घुसळून घुसळून तापतं. पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असेल तर तेही तेव्हाच काढा, अर्धी हवा तिथेच अडते.

भरून आलेली मोटर बसवण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, बॉडीशी तपासा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर जोडू नका. चांगली वाळलेली मोटर याच्या कितीतरी पट दाखवते. मग कपलिंग सोडवून नुसती फिरवा. चार पोलच्या पाच एचपीला रिकामा करंट अडीच ते तीन अँपिअरच्या आसपास आणि तिन्ही तारांत जवळपास सारखा हवा. चार-साडेचार आला तर वेढे कमी घातलेत किंवा पत्रे जळालेत, पैसे देण्याआधी परत करा. करंट बरोबर, पण भारावर जोर नाही आणि अँपिअरमीटरचा काटा सेकंदाला तीन-चार वेळा झुलतोय, असं दिसलं तर स्टेटरचा दोष नाही, रोटरची सळी तडकलेली आहे. ती मोटर कितीदा भरली तरी सुधारणार नाही. सगळं ठीक असेल तर पंप जोडून, पूर्ण पाणी पडत असताना तिन्ही व्होल्टेज, तिन्ही करंट आणि तारीख मार्करने स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी आवाज वेगळा वाटला की झाकण उघडायचं आणि नवे आकडे जुन्यांशी ताडून बघायचे.